रेघेवरची हरकत

पुणे महापालिकेने प्रभागांची प्रारूप रचना जाहीर केली ती २२ ऑगस्ट २०२५ रोजी. शहर तेव्हा मांडव घालण्यात गुंतलेलं होतं. गणेश चतुर्थी पाच दिवसांवर, हरकती-सूचना देण्याची मुदत ४ सप्टेंबरपर्यंत आणि विसर्जन ६ तारखेला. म्हणजे आपला प्रभाग कुठून कुठवर गेला हे बघायला पुणेकरांना जे चौदा दिवस मिळाले, त्यांतले नऊ गणपतीत गेले. हे कुणी मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मुदतीचा बडगा डोक्यावर होता आणि मुंबईचं वेळापत्रकही हेच होतं. पण कसब्यातून पालिकेच्या कार्यालयापर्यंत पोचणं हेच ज्या दिवसांत एक काम होऊन बसतं, त्या दिवसांत नकाशे तपासायला सांगणं म्हणजे नागरिकांच्या उत्साहाची परीक्षाच.

ती परीक्षा पुणेकरांनी दिली. मुदत संपली तेव्हा ५,९२२ हरकती आणि सूचना जमा झाल्या होत्या. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक एकट्या ३४ क्रमांकाच्या, म्हणजे नऱ्हे-वडगाव बुद्रुकच्या प्रभागाविषयी होत्या. शहराच्या नैऋत्य टोकाचा, नव्याने समाविष्ट झालेल्या गावांचा हा पट्टा. जुन्या पेठांनीही काही कमी लिहिलं नव्हतं. ११ आणि १२ सप्टेंबरला बालगंधर्व रंगमंदिरात सुनावणी झाली. शासनाने प्राधिकृत केलेल्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांपुढे हरकतदारांनी एकेक करून आपलं म्हणणं मांडलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंतिम रचना आली, तेव्हा हिशेब असा होता : १,३२९ हरकती पूर्णपणे मान्य, ६९ अंशतः मान्य, ४,५२४ अमान्य.

चारातली जेमतेम एक. हा आकडा बघून कुणी म्हणेल, सुनावणी हा देखावा आहे. दुसरा म्हणेल, सरकारी दरबारात चारातली एक गोष्ट मान्य होणं म्हणजे चांगलाच निकाल. दोघांनाही उत्तर द्यायचं तर ही सुनावणी आली कुठून, तिच्यात काय बोलता येतं आणि काय बोलून उपयोग नसतो, हे बघावं लागतं. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

मुंबईत वॉर्डनिहाय निवडणुका एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या. पण तेव्हाचा मतदार म्हणजे करदाता, आणि वॉर्डाची हद्द हा मूठभर लोकांच्या कुतूहलाचा विषय. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. त्यानंतर शहर वाढत गेलं तसे नगरसेवक वाढले : १९६८ मध्ये १४०, १९८५ मध्ये १७०, १९९२ मध्ये २२१ आणि २००२ पासून २२७. मधल्या काळात निवडणूक घ्यायची की नाही, वॉर्ड कुठे तोडायचे, हे सगळं राज्य सरकारच्या मर्जीवर चालत असे. त्या मर्जीचा नमुना बघायचा असेल तर जिल्हा परिषदा बघाव्यात. १९७९ ला निवडणुका झाल्या त्या पुन्हा थेट १९९२ ला. तेरा वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने तेच ते कारभारी पाहिले, नाहीतर प्रशासक पाहिले.

या प्रकाराला वेसण घालण्यासाठी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. १९९३ मध्ये दोन्ही अमलात आल्या आणि एप्रिल १९९४ मध्ये महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग उभा राहिला. दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली, मतदारयादी आणि निवडणुकीचं नियंत्रण आयोगाकडे आलं. महाराष्ट्राच्या कायद्यांनी प्रभाग पाडण्याचं कामही आयोगाकडेच सोपवलं. आज आपण ज्याला ‘हरकती व सूचना’ म्हणतो त्या शिरस्त्याला पक्कं रूप आलं ते या काळात. प्रारूप रचना राजपत्रात आणि फलकावर लावायची, ठरावीक दिवस लेखी हरकती घ्यायच्या, प्राधिकृत अधिकाऱ्याने सुनावणी करायची, त्याच्या शिफारशी वर पाठवायच्या आणि मग अंतिम रचना जाहीर करायची.

या व्यवस्थेचं खरं मोल एका न्यायनिवाड्यात दडलेलं आहे. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी यांनी मतदारसंघ पाडण्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली आहे. निवडणुका कोर्टकज्जात अडकू नयेत हा हेतू. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या पंचायतींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. न्यायालयाने ती वाट बंदच असल्याचं सांगितलं, पण एक फट ठेवली. हरकती मागवल्या नाहीत, सुनावणी दिली नाही, अशी तक्रार असेल तरच दाद मागता येईल. पुढे २०२४ मध्ये बार्डोलीच्या एका प्रकरणात न्यायालयाने ही फट थोडी रुंद केली; निव्वळ मनमानी दिसली तर न्यायालय बघेल, असं म्हटलं. तरी सामान्य मतदाराच्या दृष्टीने हिशेब सोपा राहतो. रेघ चुकली असं वाटत असेल तर ते सांगायची जागा सुनावणीची. तिथे गप्प राहिलात तर पुढे फारसं कुणी ऐकणार नाही.

आता त्या खोलीत बोलायचं काय? प्रभागरचनेच्या आदेशांत प्रभाग कसे पाडायचे याचे नियम आहेत आणि ते वाचायला अवघड नाहीत. सुरुवात उत्तरेकडून करायची, तिथून ईशान्येला, मग पूर्वेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत. क्रमांकही त्याच ओघाने. नदी, नाला, डोंगर, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता, उड्डाणपूल अशा ठळक गोष्टी सीमा म्हणून घ्यायच्या. एखादी इमारत, चाळ किंवा घर दोन प्रभागांत तोडायचं नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या फोडायच्या नाहीत. जनगणनेचे प्रगणक गट शक्यतो अखंड ठेवायचे. आणि प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंतच कमी किंवा जास्त. पुण्यात २०२५ साली हे गणित असं बसलं : २०११ च्या जनगणनेनुसार ३४,८१,३५९ लोक, १६५ नगरसेवक, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाला सरासरी ८४,३९६. कमीत कमी सुमारे ७६ हजार, जास्तीत जास्त सुमारे ९३ हजार.

सुनावणीत जिंकतात त्या हरकती या नियमांच्या भाषेत बोलणाऱ्या. ‘आमचा भाग विरोधकांच्या सोयीसाठी तोडला’ असं म्हटलं की अधिकारी ऐकून घेतात, टिपून घेतात आणि पुढचं नाव पुकारलं जातं. त्यात राग खरा असतो, बऱ्याचदा आरोपही खरा असतो. पण अधिकाऱ्याच्या अहवालात त्याला रकाना नसतो. उलट ‘नाल्याच्या पलीकडचा हा प्रगणक गट, त्याची लोकसंख्या एवढी, तो या प्रभागातून काढून शेजारी टाकला तर दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात, हा नकाशा’ असं कुणी मांडलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. छापील मजकुरावर शंभर जणांच्या सह्या घेऊन दिलेल्या हरकतींचा गठ्ठा आकड्यात मोठा दिसतो. वजन मात्र एकाच हरकतीचं असतं. मुद्दा तोच असेल तर निकालही एकच.

आणखी एक अडचण हरकतदाराच्या सहसा लक्षात येत नाही. प्रभाग एकमेकांना चिकटलेले असतात. एका वस्तीला इकडून तिकडे हलवलं की तिकडचा प्रभाग फुगतो, मग त्यातली दुसरी वस्ती पुढे ढकलावी लागते, आणि हा धक्का शहराच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रशासनाला नावं बदलायला आवडतं, रेघा बदलायला आवडत नाही. पुण्यातल्या प्रभाग २४ चं प्रारूपातलं नाव होतं कमला नेहरू हॉस्पिटल-रास्ता पेठ. ज्या प्रभागात ग्रामदैवत बसलेलं, त्याला दवाखान्याचं नाव, हे पेठेतल्या लोकांना कसं रुचावं? अंतिम रचनेत नाव झालं कसबा गणपती-कमला नेहरू हॉस्पिटल-केईएम हॉस्पिटल. दवाखाने एकाचे दोन झाले, पण गणपती पहिला आला. अशा बदलांनी एकाही मतदाराचा प्रभाग बदलत नाही. मान्य हरकतींच्या आकड्याकडे बघताना हेही ध्यानात ठेवावं.

खेड्यात हीच गोष्ट लहान प्रमाणात आणि जास्त उघडपणे घडते. ग्रामपंचायतीचे प्रभाग तहसीलदाराच्या देखरेखीखाली पाडतात, हरकतींची सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यापुढे होते. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांचं प्रारूप जिल्हाधिकारी काढतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. गावात कुणाचं घर कुठल्या प्रभागात गेलं आणि का गेलं, हे नकाशा लागायच्या आधीच पारावर माहीत असतं. गटाच्या बाबतीत तक्रारी असतात त्या मधल्या नदीच्या, घाटाच्या. ज्या गावाशी रोजचा संबंध नाही त्या गावाला बांधल्याच्या. शहरातला मतदार आपल्या प्रभागाचा क्रमांक निवडणुकीच्या आठवड्यात शोधतो. गावातल्या माणसाला ती चैन परवडत नाही.

आता या सगळ्या व्यवस्थेतली मेख. सुनावणी होते ती रेघेवर. पण रेघ ज्या निर्णयांतून येते ते निर्णय कधीही सुनावणीला ठेवले गेलेले नाहीत. एका प्रभागातून किती नगरसेवक? एकूण नगरसेवक किती? आखणी कोण करणार? या तीन प्रश्नांची उत्तरं मंत्रिमंडळात आणि विधिमंडळात ठरतात, आणि महाराष्ट्रात ती ज्या वेगाने बदलली तो वेग बघून गरगरायला होतं. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ ला एका सदस्याचे वॉर्ड आले. २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग. २०१७ ला चार. २०१९ च्या डिसेंबरात सत्ताबदलानंतर पुन्हा एक. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सरकारने केले तीन. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा चार. पुण्यापुरतं बोलायचं तर २००७ ला १४४ वॉर्ड, २०१२ ला ७६ प्रभाग, २०१७ ला ४१, २०२२ च्या आराखड्यात ५८ आणि २०२५ ला परत ४१. यातला एकही बदल मतदारांना विचारून झालेला नाही. ज्याला चार मतं द्यायची त्याला ‘तुला चार नगरसेवक हवेत की एक?’ हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : तुझी सोसायटी रस्त्याच्या अलीकडे हवी की पलीकडे?

आखणी कोण करणार या तिसऱ्या प्रश्नावरून तर सरकार आणि आयोग यांच्यात ताण राहतच आला. आयोग आणि विधिमंडळ यांचे संबंध किती टोकाला जाऊ शकतात हे मार्च २००८ मध्ये दिसलं. आयोगाच्या अधिकारकक्षेवरून सुरू झालेल्या वादात तेव्हाचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांच्यावर विधानसभेने हक्कभंगाची कारवाई केली आणि त्यांना दोन दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. घटनात्मक पदावर बसलेल्या माणसाला आमदारांनी तुरुंगात धाडलं, ही घटना आज फारशी कुणाला आठवत नाही. आठवायला हवी, कारण चौदा वर्षांनी तोच वाद दुसऱ्या वाटेने आला.

त्या वाटेची सुरुवात झाली ४ मार्च २०२१ ला. विकास किशनराव गवळी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसींचं सरसकट २७ टक्के आरक्षण टिकणार नाही. स्वतंत्र आयोग नेमून माहिती गोळा करा, त्या-त्या संस्थेपुरतं प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. तिहेरी कसोटी म्हणतात ती हीच. नागपूर, अकोला, वाशीम, धुळे, नंदुरबार अशा जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागांवर निवडून आलेल्या सदस्यांची पदं गेली. राज्यभरच्या महापालिका निवडणुका डोक्यावर होत्या आणि ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणुकीला जायची कुठल्याच पक्षाची तयारी नव्हती.

याच सुमारास प्रभागरचनाही चालू होती. १ फेब्रुवारी २०२२ ला प्रारूप रचना आली. मुंबईत सरकारने आधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, २२७ चे २३६ वॉर्ड केले होते. शहर, पूर्व उपनगर आणि पश्चिम उपनगर यांत प्रत्येकी तीन नवे. नवी जनगणना झालेली नसताना वॉर्ड वाढवायला आधार कोणता, हा विरोधकांचा सवाल होता. दहा वर्षांत लोकसंख्या वाढलीच असणार, हे सरकारचं उत्तर. मुंबईतून ८१२ हरकती-सूचना आल्या. पुण्यातून साडेतीन हजारांवर. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ठिकठिकाणी सुनावण्या झाल्या. कुणी दोन प्रभागांत तुटलेली वाडी घेऊन आलं होतं, कुणी उड्डाणपुलाखालून निघालेली विचित्र हद्द.

आणि मग ७ मार्चला विधिमंडळात एकमताने विधेयकं मंजूर झाली. प्रभाग पाडण्याचा अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे आला आणि तोवर झालेली प्रभागरचना रद्द ठरली. कायदा ११ मार्चपासून लागू झाला. सत्ताधारी आणि विरोधक एरवी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. या विधेयकांवर मात्र एकमत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत वेळ काढायचा होता हे उघड होतं, आणि त्यात कुणी लपवाछपवीही केली नाही. हजारो लोकांनी लिहिलेल्या, बोललेल्या हरकतींचं काय झालं हा प्रश्न त्या दिवशी सभागृहात कुणाला पडल्याचं दिसत नाही. मुंबई महापालिकेची मुदत त्याच दिवशी संपली, पुण्याची १४ मार्चला. दोन्हीकडे प्रशासक बसले.

४ मे ला सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला : ११ मार्चपूर्वीची रचना धरा आणि दोन आठवड्यांत निवडणुकीची पावलं उचला. रद्द झालेले नकाशे पुन्हा जिवंत झाले. १३ मे ला अंतिम प्रभागरचना जाहीर झाली, ३१ मे ला आरक्षणाची सोडत निघाली. जूनच्या शेवटी सरकार बदललं. २० जुलैला न्यायालयाने तिहेरी कसोटीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला आणि ओबीसी आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला. आता निवडणूक होणार असं वाटत असतानाच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नव्या सरकारने अध्यादेश काढला. मुंबईत पुन्हा २२७, इतरत्र पुन्हा चारचा प्रभाग, म्हणजे सगळं २०१७ सारखं. त्यावर याचिका, २२ ऑगस्टला ‘जैसे थे’चा आदेश. मुंबईचे २२७ वॉर्ड परत आणण्याविरुद्धची याचिका एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली, पण मुख्य प्रकरण दिल्लीत तारखांवर पडून राहिलं.

एकाच वर्षात नकाशा आला, त्यावर सुनावणी झाली, तो रद्द झाला, जिवंत झाला आणि पुन्हा मेला. या काळात सुनावणीला गेलेल्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे आता कधीच कळणार नाही. सुनावणीवरचा विश्वास उडायला हरकत फेटाळली जाणं पुरेसं नसतं. फेटाळण्यालाही माणूस समजून घेतो. पण ज्यावर बोललो तो कागदच उरला नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी यायचं कशाला?

पुढची वेळ यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २०२२ पूर्वीचं ओबीसी आरक्षण धरून चार आठवड्यांत अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका उरका. १० जूनला नगरविकास विभागाचा आदेश निघाला. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायालयाने प्रभागरचनेचे उरलेसुरले वादही बाजूला सारले. आता आखणी महापालिका आयुक्तांची, ती जाणार नगरविकास विभागामार्फत, मान्यता आयोगाची, आणि सुनावणीचा अधिकारी सरकारने नेमलेला. आयोगाचा शिक्का कायम राहिला, पेन्सिल मात्र दुसऱ्याच्या हातात गेली. ज्याच्या हातात पेन्सिल त्याच्याविरुद्धची तक्रार त्यानेच नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे करायची, ही रचना मला सदोष वाटते. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी हरकतदाराच्या मनातली शंका त्याने जात नाही.

मुंबईत यावेळी हरकती आल्या ४९४. १ कोटी २४ लाखांच्या शहरात एवढ्याच, आणि साडेतीनपट लहान असलेल्या पुण्यात बारापट. मुंबईकर उदासीन झाले, असा अर्थ काढायची घाई करू नये. मुंबईत प्रभाग एकसदस्यीय आणि हद्दी बहुतांश २०१७ च्याच. नवं काही नसलं तर हरकत कशावर घ्यायची? मुंबईतली मोठी उलथापालथ २०१७ च्या आखणीत होऊन गेली होती. तेव्हा २०११ ची जनगणना पहिल्यांदा लागू झाली आणि बेट-शहराचे वॉर्ड ६३ वरून ५६ वर आले; पश्चिम उपनगरांचे ९७ चे १०२ झाले, पूर्व उपनगरांचे ६७ चे ६९. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, लालबाग-परळची माणसं बोरिवली-मुलुंडला आणि त्याही पलीकडे गेली, त्याची नोंद मतदारसंघांच्या नकाशाने अशी घेतली. सात वॉर्ड गमावण्यावर कुठली हरकत टिकणार? लोकसंख्याच निघून गेली होती.

पुण्याचं उलट होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची नगरपरिषद झाली. २०१७ ला ज्यांचा पालिकेशी संबंधही नव्हता अशा वस्त्या आता चार सदस्यांच्या प्रभागात कुणा जुन्या उपनगराला जोडल्या जाणार होत्या. बालाजीनगर-आंबेगाव-कात्रज हा ३८ क्रमांकाचा प्रभाग तर पाच सदस्यांचा झाला. आपल्या गावाचा म्हणून एक तरी माणूस सभागृहात बसेल की नाही, ही त्या हजारो हरकतींमागची धास्ती होती. सत्तेतल्या भागीदार पक्षांच्या कार्यकर्त्यांनीही एकमेकांच्या रेघांवर बोट ठेवलं. रेघेपुढे युती वगैरे काही टिकत नाही.

मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, २९ महापालिकांत एकाच दिवशी. पुण्याने आणि मुंबईने जवळपास चार वर्षांनी नगरसेवक पाहिले. ७४व्या घटनादुरुस्तीला पाच वर्षांचा नियम घालून तीस वर्षं उलटल्यावर हे घडलं.

या निवडणुकीतल्या प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या २०११ ची होती. त्यानंतर वाढलेली वाकडची, खराडी-वाघोलीची, घोडबंदर रस्त्याची वस्ती त्या गणितात पुरती आलेलीच नाही. सरासरीच्या दहा टक्क्यांत बसवलेले प्रभाग प्रत्यक्षात कुठल्या कुठे गेले असतील. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होते आहे, जातींची नोंदही तीत होणार आहे. म्हणजे पुढच्या स्थानिक निवडणुकीआधी महाराष्ट्रातला एकही प्रभाग, गट किंवा गण आज आहे तसा राहील असं समजू नका. दीड दशकाचं स्थलांतर एका झटक्यात नकाशावर उतरेल, आणि प्रत्येक रेघ नव्याने ओढली जाईल.

तेव्हा तुमच्या फलकावर प्रारूप लागेल त्या दिवशी जा. कुणी कुणाला पाडायला काय केलं या चर्चेत पहिला आठवडा घालवू नका. आपला प्रगणक गट कुठला, त्याची लोकसंख्या किती आणि शेजारच्या प्रभागात किती जागा उरते, हे तीन आकडे आधी मिळवा. हद्द जिथून जाते त्या रस्त्याने एकदा पायी फिरा. कागदावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात कुणाच्या अंगणातून जाते ते तिथेच कळतं. चार ओळींत मुद्दा लिहा, नकाशा जोडा, पर्याय सुचवा. सुनावणीची तारीख येईल तेव्हा स्वतः हजर राहा. आणि हरकत दिल्यावर शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.